बदल्यात काही मिळालेले नाही

दर जानेवारीत माझ्या दुकानात केस धुवायला मान मागे टाकली की बायकांच्या तोंडी एकच विषय येतो, तो म्हणजे पावत्या. आमच्या मिनेसोटात चर्चच्या ताटात टाकलेल्या पैशावर, गरिबांना दिलेल्या जुन्या कोटांवर राज्याच्या आयकरात थोडीफार सूट मिळते. केंद्र सरकार आमच्यासारख्या लहान माणसांच्या दानधर्माकडे ढुंकूनही बघत नाही, पण राज्य बघतं. त्यामुळे वर्षभर देवाला दिलेलं जानेवारीत हुडकून काढायचं, ही आमच्या ऑस्टगार्ड गावाची रीत. एकीने कुत्र्याने कुरतडलेला सोफा दान केला आणि त्याची किंमत अशी लावली की वाटावं, राजाचं सिंहासनच दिलं. मी तिच्या डोक्याला शाम्पू चोळत गप्प राहिले. मलाही पोट आहे.

मोठ्या देणगीच्या पावतीवर मात्र एक वाक्य असावंच लागतं. 'या देणगीच्या बदल्यात देणाऱ्यास काहीही मिळालेले नाही.' ते नसेल तर सूट नाही. चर्चच्या मदतीसाठी जेवणाचं तिकीट घेतलंत, तर तिथे खाल्लेल्या माशाची किंमत वजा. राज्याचं म्हणणं सरळ आहे. दिलंत तर दिलंत. काही घेतलंत, तर तेवढं दान नव्हे, खरेदी झाली.

हे वाक्य पूर्वी मी कधी नीट वाचलं नव्हतं. आता कुणी पावती दाखवली की मला आर्डिस ब्रेक्के आठवते आणि माझी कात्री जरा जास्तच जोरात चालते. एक-दोन बायकांच्या बटा त्यापायी आखूड झाल्या आहेत.

आर्डिस वयाने माझ्या आणि माझ्या आईच्या मधली. उंच, हाडापेराने मोठी, बोलायला कमी. नवरा ऑर्विन लवकर गेला. गावाच्या कडेला शेत, लाल कोठार, आणि घरात ती आणि मुलगा लोवेल. लोवेल डाउन सिंड्रोम घेऊन जन्मला, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, 'याला सरकारी संस्थेत ठेवा आणि विसरून जा, दुसरं मूल होऊ द्या.' आर्डिस आणि ऑर्विन ती संस्था बघायला गेले. लांबच लांब दालन, पलंगाला पलंग लागलेले, आणि एक मोठा मुलगा भिंतीला कपाळ टेकून उभा. ऑर्विनने गाडी वळवली. घरी आल्यावर आर्डिसने पाळणा स्वयंपाकघरात आणून चुलीजवळ ठेवला. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

लोवेलने पन्नाशी गाठेपर्यंत तिने त्याला सांभाळलं. 'सांभाळलं' म्हटलेलं त्याला आवडायचं नाही. रविवारी चर्चच्या दारात उभा राहून प्रार्थनेची पत्रकं वाटायचं काम त्याचं. कुणी दोन घेतली तर एक काढून घ्यायचा, मग तो बँकेचा मॅनेजर का असेना. पत्ते खेळताना लबाडी करायचा आणि पकडला गेला की आपल्यालाच ओरडायचा. डोक्यावर कायम हिरवी टोपी. केस कापायच्या मशीनचा आवाज त्याला सहन होत नसे, थरथर कापायचा, म्हणून त्याचे केस कापायला मीच त्यांच्या घरी जायची.

"मर्ना, मशीन नाही ना?"

"नाही रे बाबा. नुसती कात्री."

"पिशवी दाखव."

पिशवी उघडून दाखवल्याशिवाय तो टोपी काढायचा नाही. माझ्यावर एवढा अविश्वास माझ्या नवऱ्यानेही कधी दाखवला नाही, आणि त्याला तर कारण होतं.

आर्डिसला आयुष्यात एकच भीती होती. आपण मेल्यावर लोवेलचं काय? तिला भाऊबहीण नाहीत, ऑर्विनची माणसं नॉर्थ डकोटात विखुरलेली. त्या दालनातले पलंग तिच्या डोळ्यांपुढून कधी गेले नाहीत.

तिच्या शेताला लागूनच आमच्या लुथेरन चर्चचं वृद्धाश्रमाचं घर होतं. गावात त्याला नुसतं 'होम' म्हणतात. लोवेल दर बुधवारी तिथे जाऊन म्हाताऱ्यांना बिंगोचे आकडे ओरडून सांगायचा. अर्ध्या म्हाताऱ्यांना ऐकू यायचं नाही, त्यामुळे हे काम त्याच्यासाठीच जन्माला आलं होतं. होमला नवा भाग बांधायचा होता आणि जागा एकच होती, ती म्हणजे आर्डिसचं कडेचं शेत. तेव्हाचे पास्टर स्कोगन तिच्याकडे गेले आणि तिने सांगितलं, 'शेत घ्या, पैसे नकोत. माझ्यानंतर लोवेलला तिथे एक खोली द्या.' पास्टर म्हणाले, 'आर्डिस, हे काय सांगायचं झालं! ती खोली त्याचीच.' दोघांनी हात मिळवले. आमच्याकडे एवढं पुरतं. निदान तेव्हा पुरायचं.

पुढचं सांगण्याआधी आमची एक खोड सांगते, कारण सगळं तिच्यावरच अडलं. आमच्या गावात कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की 'नको, उगाच कशाला तुम्हाला त्रास' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग 'बरं, अर्धा कप'. आणि भरून कप प्यायचा. पहिल्याच वेळी 'हो' म्हणणारा माणूस हावरट, आणि एकदाच विचारून थांबणारा यजमान कंजूष. गावात कर्ज, मुलगी, ट्रॅक्टर, सगळं असंच तिसऱ्या फेरीत ठरतं. माझ्या नवऱ्याने मला मागणी घातली तेव्हा मी दोनदा नाही म्हणाले होते, आणि तो बिचारा तिसऱ्यांदा विचारायला पुढच्या उन्हाळ्यात आला.

कागदपत्रं करायला चर्चने मिनियापोलिसहून वकील बोलावला. प्रेस्कॉट नाव, बूट इतके चकचकीत की आर्डिसच्या अंगणातल्या चिखलाची मलाच लाज वाटली. त्या दिवशी मी तिच्या स्वयंपाकघरातच होते, लोवेलचे केस अर्धे कापून झाले होते. टेबलाशी आर्डिस, पास्टर आणि प्रेस्कॉट. मध्ये रूबार्बच्या आंबट देठांचा केक.

प्रेस्कॉट म्हणाला, "मिसेस ब्रेक्के, एवढ्या जमिनीच्या दानावर तुम्हाला राज्याच्या आयकरात चांगली सूट मिळेल. फक्त बदल्यात काही घेतलं, तर त्याची किंमत त्यातून वजा होते. पास्टर कुठल्याशा खोलीबद्दल बोलत होते. ते लेखी हवंय का तुम्हाला? तसं असेल तर पावतीवर तसं लिहावं लागेल, आणि मग सूट जवळजवळ राहणारच नाही."

आर्डिसने टेबलावरचा चुरा बोटाने गोळा केला. "नको," ती म्हणाली. "उगाच कशाला कागद वाढवायचे."

आणि ती थांबली. मला तिची मान दिसत होती. ती दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होती, मग तिसऱ्या. तिसऱ्या वेळी ती 'बरं, एवढं म्हणताय तर चार ओळी लिहा' म्हणणार होती, हे मला, लोवेलला, भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा ठाऊक होतं.

"उत्तम," प्रेस्कॉट म्हणाला आणि त्याने पेनाचं टोपण काढलं.

पास्टर स्कोगन आमच्यातलेच. त्यांनी तरी पुन्हा विचारायचं. पण त्यांच्या तोंडात केक होता. तो गिळून होईपर्यंत आर्डिसची सही झाली होती. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. ती त्या दिवशी टेबलाशी खुर्ची ओढून बसली होती.

नवा भाग उभा राहिला. दक्षिणेच्या कोपऱ्यातली खोली लोवेलने स्वतः निवडली, कारण तिच्या खिडकीतून त्यांचं लाल कोठार दिसायचं. भिंती नुसत्या उभ्या होत्या तेव्हाच तो आत जाऊन खिडकीत टोपी ठेवून यायचा. गवंडी ती संध्याकाळी परत आणून द्यायचे. "पिवळा रंग हवा," त्याने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. आर्डिसला मी कधी इतकं हलकं पाहिलं नाही. एकदा तर ती माझ्या खुर्चीत बसून म्हणाली, "मर्ना, आता मी मरायला मोकळी." मी म्हटलं, "मरशील तेव्हा मर, आधी मान सरळ धर."

आणि ती करातली सूट? जमीन मोठी, पण आर्डिसची कमाई ती केवढी आणि तिचा कर तो केवढा! सूट भली मोठी आणि ती वजा करायला खाली काहीच नाही. चारपाच वर्षं थोडी थोडी करून जे वाचलं, त्यात घरातला पाणी तापवायचा बंब नवा आला. बस्स. लोवेलच्या खोलीचा कागद देऊन तिने गरम पाणी घेतलं, असं मी आता म्हणते. तेव्हा मला तो बंब चांगला वाटला होता.

पास्टर स्कोगन निवृत्त होऊन ॲरिझोनात गेले. चर्चला होम झेपेना. लोक कमी झाले, छप्पर गळायला लागलं, आणि एके वर्षी सभेत हात वर करून आम्ही होम एका कंपनीला देऊन टाकलं. हात वर करणाऱ्यांत आर्डिसही होती. पास्टरांनी शब्द दिलाय, तो भिंतींबरोबर जातो, असं तिला वाटलं.

कंपनीने हॅलोरन नावाचा संचालक पाठवला. चाळिशीचा, गोड बोलणारा, सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारणारा. त्या हिवाळ्यात आर्डिसच्या छातीत दुखायला लागलं होतं आणि जिना चढताना ती अर्ध्यावर बसायची. ती मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. खोलीचं विचारून येऊ." मी दर गुरुवारी होममधल्या बायकांचे केस करायला जातेच. त्या गुरुवारी दोघी गेलो.

तिने सांगितलं. जमीन, हात मिळवणं, दक्षिणेची खोली. हॅलोरनने सगळं ऐकून घेतलं, फाइल मागवली, आणि पावती तिच्यापुढे सरकवली.

"आर्डिस, ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग वाचा बरं. बदल्यात काहीही मिळालेले नाही. म्हणजे खोलीची गोष्ट इथे नाही."

"कागदावर नाही. पण पास्टर बोलले होते."

"या पावतीवर तुम्ही राज्याकडून सूट घेतलीत. खोली ठरली होती असं आज म्हणालात, तर तेव्हा राज्याला खोटं सांगितलं असा त्याचा अर्थ होतो. तुमच्यासारख्या बाईने खोटं सांगितलं असं मी तरी म्हणणार नाही." आणि तो हसला. "शिवाय आमचा परवाना फक्त वृद्धांचा आहे. लोवेल अजून तरुण आहे!"

मला राहवलं नाही. "मी तिथे होते. मी ऐकलंय सगळं."

"तुम्ही काय करता?" त्याने विचारलं.

"केस कापते."

"छान," तो म्हणाला. त्या एका शब्दावर त्याचे केस मुळापासून कापावेसे वाटले मला.

घरी येऊन आम्ही ॲरिझोनाला फोन लावला. पास्टर स्कोगन खूश झाले. तिकडचं ऊन, त्यांचा गुडघा, गोल्फ, सगळं सांगितलं. मग आर्डिसने खोलीचं काढलं.

"आर्डिस, मी म्हणालो होतो की आपण नक्की प्रयत्न करू. असंच काहीसं म्हणालो होतो ना?"

"तुम्ही म्हणालात, ती खोली त्याचीच."

"इतकी वर्षं झाली बघ. केक मात्र आठवतो. काय केक होता!"

आर्डिसने हळूच फोन ठेवला. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. आणि खाऊन तृप्त झालेला माणूस दुसऱ्या राज्यात उन्हात बसलेला. मी म्हटलं, "कोर्टात जा." ती म्हणाली, "पास्टरांना कोर्टात उभं करू? मग लोवेल रविवारी कुठल्या तोंडाने दारात पत्रकं वाटेल?"

दोन-तीन दिवस गेले. मग एका सकाळी ती दुकानात आली, कोटही न काढता म्हणाली, "मर्ना, तो माणूस बरोबर बोलला. मी राज्याला खोटं लिहून दिलं."

"अगं, वकिलाने लिहिलं ते. तू नुसती सही केलीस."

"सही म्हणजे मीच. ते खोटं आहे तोवर खोली खोटी. मी ते खरं करून येते. सूट परत करते. मग तो कागदच उरत नाही."

मी तिला हात दाखवून अवलक्षण करू नकोस म्हणून परोपरीने सांगितलं. पण आर्डिस एकदा उठली की बसायची नाही. माझ्याच दुकानातून तिने राज्याच्या कर कार्यालयाला फोन लावला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून मी आवाज मोठा ठेवला होता. खुर्चीतली गिऱ्हाइकंसुद्धा श्वास रोखून ऐकत होती.

"परतावा अडकलाय का तुमचा?" पलीकडची मुलगी म्हणाली.

"नाही. मला पैसे भरायचेत."

"नोटीस आली आहे?"

"नाही."

"मग कशाबद्दल भरणार?"

"मी दान केलं असं लिहिलं होतं. ते दान नव्हतं. खोली विकत घेतली होती."

"कोणी तक्रार केली का तुमच्यावर?"

"अगं बाई, मीच करतेय!"

मग ती मुलगी म्हणाली, "थांबा हं, मी साहेबांना विचारते. असं कधी आलं नाही आमच्याकडे."

जुने हिशेब काढून, नवे कागद भरून, व्याजासकट सगळं भरावं लागलं. त्यासाठी तिने ऑर्विनचा जुना ट्रॅक्टर विकला. लोवेल त्यावर रविवारी दुपारी बसून गाडी चालवल्यासारखं करायचा. ट्रॅक्टर न्यायला माणूस आला तेव्हा लोवेल कोठारात जाऊन दार लावून बसला, आणि आर्डिस बाहेरून सांगत राहिली, "तुझ्या खोलीसाठी चाललंय रे सगळं." राज्याने पैसे घेतले. राज्य कधी नाही म्हणत नाही. पहिल्याच वेळी 'हो' म्हणतं. सभ्य पत्र आलं, खातं मिटलं म्हणून.

ते पत्र घेऊन ती हॅलोरनकडे गेली. मीही होतेच. तिने ते टेबलावर ठेवलं आणि हाताने सपाट केलं. "आता मी सूट घेतलेली नाही. आता ते वाक्य खरं नाही. आता खोलीचं बोला."

हॅलोरनने वाचलं. खरोखर वाचलं, दोन वेळा. मग तो म्हणाला, "आर्डिस, हे तुमचं आणि राज्याचं झालं. आमच्याकडच्या कागदावर तेच वाक्य आहे. आणि खरं सांगू का, आता तर तुम्हीच लिहून दिलंत की पूर्वी सही केलेलं खोटं होतं. उद्या कुणी विचारलं, बाई तेव्हा खोटं बोलली की आता, तर काय सांगायचं?"

तेलही गेलं, तूपही गेलं. आर्डिसने पत्राची घडी केली, पर्समध्ये ठेवली, आणि जाताना त्याला 'थँक यू' म्हणाली. आम्ही असेच आहोत. कुणी पायावर गाडी घातली तरी चाकाला लागलं का विचारतो. मला तेव्हा हॅलोरनपेक्षा आमचाच राग आला होता, आमच्या या गोठलेल्या सभ्यपणाचा.

मार्चमध्ये अंगणातल्या बर्फावर आर्डिस पडली. लोवेलला एकच फोन नंबर पाठ आहे, माझा.

"मर्ना, आई बर्फावर झोपलीय. उठत नाही."

मी पोचले तेव्हा तो तिच्याजवळ बर्फात बसला होता. स्वतःचा कोट तिच्या अंगावर घातला होता आणि हिरवी टोपी तिच्या डोक्यावर. कंबरेचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण ती पुन्हा चालणार नाही हे लवकरच कळलं. तिला होमच्या नव्या भागात ठेवलं, तिच्याच शेतावर. उत्तरेकडची खोली, खिडकीतून गाड्या ठेवायची जागा दिसते. दक्षिणेच्या कोपऱ्यात तळ्याकाठच्या बंगल्यातले एक निवृत्त दंतवैद्य राहतात. ते पडदा उघडत नाहीत, उजेडाने त्यांचे डोळे दुखतात.

लोवेल घरी एकटा राहू शकत नव्हता. मी त्याला माझ्याकडे ठेवायला तयार होते, पण दुकानाच्या वरच्या दोन खोल्या बघून काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या समाजकल्याण खात्यातल्या बाईने नकारार्थी मान हलवली. त्याला तीन तासांच्या वाटेवरच्या एका गावात, त्याच्यासारख्यांच्या घरात पाठवलं. वाईट जागा नाही ती. मी जाऊन आले आहे. पलंगाला पलंग लागलेले नाहीत. पण त्याचे केस मशीनने कापलेले होते, अगदी बारीक, आणि मला बघून त्याने टोपी खाली ओढून घेतली. पिशवी दाखव म्हणाला नाही. येताना मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून रडले, लपवायचं काय त्यात.

निघायच्या दिवशी तो जाईना, म्हणून आर्डिसने त्याला सांगितलं होतं, "थोडेच दिवस रे. तुझ्या खोलीला रंग लागतोय. वाळला की ये." काडीएवढ्या खोट्यापायी ट्रॅक्टर विकणारी बाई ती.

गेल्या गुरुवारची गोष्ट. मी आर्डिसचे केस करत होते. हॅलोरन आला, हातात कॉफी आणि बशीत केकचा तुकडा. चांगला रुळलाय तो आता आमच्यात. स्वेटरसुद्धा आमच्यासारखे घालतो.

"आर्डिस, आम्ही देणगीदारांची भिंत करतोय," तो म्हणाला. "पितळेच्या पाट्या. तुमची सगळ्यांत वर. या भागाला ब्रेक्के कुटुंबाचं नाव द्यायचं म्हणतोय. आणि काळजी करू नका, नाव लावणं म्हणजे मोबदला धरत नाहीत करात. लावू ना?"

"नको," आर्डिस म्हणाली.

तो हसला. त्याला आता ठाऊक आहे आमची रीत. "अहो, लावू द्या. गावालाही बरं वाटेल."

"नको."

"आर्डिस, अगदी मनापासून विचारतोय. लावू?"

माझी कात्री थांबली. तिसरी वेळ होती. आमच्या गावात तिसऱ्यांदा 'नको' म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नाही. मरायला टेकलेली माणसंसुद्धा तिसऱ्यांदा 'बरं, अर्धा कप' म्हणतात. हॅलोरनने तर खिशातून पेनही काढलं होतं.

"नको," आर्डिस म्हणाली. "कागदावर काय लिहिलंय? बदल्यात काही मिळालेलं नाही. मग नाही. निदान तेवढं तरी खरं राहू दे."

चौथ्यांदा काय म्हणायचं, हे हॅलोरनला कुणी शिकवलेलं नव्हतं. आम्हालाही येत नाही. तो कॉफी तशीच ठेवून निघून गेला. मी म्हटलं, "आर्डिस, इतकं स्पष्ट तू त्या दिवशी केकपाशी बोलायला हवं होतंस." ती म्हणाली, "त्या दिवशी मला हो म्हणायचं होतं."

तेवढ्यात माझा फोन वाजला. गुरुवारी जेवणानंतर लोवेल फोन करतो. मी आवाज मोठा करून तिच्या कानाशी धरला.

"आई, रंग वाळला?"

"नाही रे राजा. अजून ओला आहे."

"पिवळाच आहे ना?"

"पिवळाच. तू सांगितलास तसाच."

"मग हात लावू नकोस हं. डाग पडेल."

"नाही लावत," आर्डिस म्हणाली.